टँक फार्म

पाटीवर लिहिलंय फार्म.
उगवत काहीच नाही.
पांढऱ्या बुटक्या टाक्या, डोंगराकडे पाठ करून,
आणि पुढे समुद्र, तापवून निवत ठेवल्यासारखा.
फुजैऱ्यात मला हे बारावं वर्ष.
घरी सांगितलं होतं, फार्मवर लागलोय,
तर तस्नीमने फोनवर विचारलं,
अब्बा, कोंबड्या किती?

माझं काम खोली मोजायचं.
अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढून झाकण उघडायचं,
वारा पाठीवर घ्यायचा,
पितळी ओळंबा सोडायचा आत.
टेपला लावलेली पेस्ट लाल झाली तर तळाशी पाणी.
विहिरीत पोहरा सोडताना वाकतो ना आपण,
तसं वाकायचं नाही.
इथे वाकणारा उठत नाही.

मार्चात एका इटालियन जहाजाचा ऑफिसर
पावतीवर बोट आपटत राहिला, फिर्मा, फिर्मा.
मला वाटलं फर्म विचारतोय,
म्हणून सप्लायवाल्यांचं नाव सांगितलं.
तो हसला, पेन पुढे केलं.
सही हवी होती.

त्या रात्री स्टोअरमध्ये कुरियाकोसने जाडा कोश काढला.
कोट्टयमचा माणूस, झोप कमी, शब्दांचा नाद.
फिर्मा म्हणजे पक्कं केलेलं.
त्यावरून ठरलेली रक्कम, दर साल, पिको न पिको.
मग त्या रकमेवर दिलेली जमीन.
मग नुसतीच जमीन.
गुरं, कोंबड्या मागाहून आल्या.
म्हणजे खंड, मी म्हटलं.
खंडाने दिलेलं शेत.
त्याला तो शब्द कुठला माहीत,
पण मान हलवली त्याने.

सारा गोळा करायचा मक्ता घेई, त्यालाही फार्मरच म्हणत.
मी हेल्मेट फिरवून नाव दाखवलं: खोत.
पणज्याने गाव असाच घेतला होता म्हणे,
सरकारला ठरला आकडा, वरचं आपलं.
आणि आता मला फर्मने कंपनीला दिलाय,
तासाला इतके दिरहम, त्यातले माझे इतके.
यालाही एक शब्द आहे, कुरियाकोस पुटपुटला,
फार्म आऊट,
आणि घाईने पान उलटलं.

पुढच्या पानांत कुठेतरी बंड होतं.
टाकीभोवती कमरेएवढी मातीची भिंत असते,
फुटलीच टाकी तर तेल आत राहावं म्हणून.
सगळेच बंड म्हणतात, स्कॉटिश साहेब, फिलिपिनो, मी.
कोशात: हिंदुस्थानीतून, मूळ फारसी.
म्हणजे या पाण्यापलीकडून निघालं,
आमच्याकडे राहिलं,
आणि साहेबाच्या सामानातून परत इथे.
बांध!
बारा वर्षं बांधावरून चालतोय
आणि कुणी सांगितलं नाही.
तिकडे हर्णैला चुलत्याने वीतभर बांध कोरला
म्हणून सतरा ईदी आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही.

तर तीनशे चौदाच्या बंडात,
व्हॉल्व्हखाली, जिथे पाइपचा घाम ठिबकतो,
कलिंगडाचा वेल आलाय.
जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी बी थुंकलं असणार.
नऊ पानं,
एक पिवळं फूल, करंगळीच्या नखाएवढं.
नियम असा की आत हिरवं दिसलं की उपटायचं.
वाळलं की पेटतं.

रोजचं फारम भरायचं असतं.
फॉर्मला आम्ही गावी फारमच म्हणतो,
साहेब ऐकतो फार्म, आणि गोंधळतो.
बंड कोरडं आहे? होय.
गळती? नाही.
गवत, झुडूप, वेल?

आमच्या भाषेत बंड म्हणजे काय,
ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

नाही, लिहिलं.
खाली सही केली, खोत.
बाटलीत चार घोट उरले होते.
ते काही मी प्यालो नाही.